नऊ घडांचं पाणी

घर बांधून झाल्यावर पुढे चारशे चौरस फूट जागा उरली. माय म्हणाली, लिंबू लावू. मुलगा म्हणाला, गाडी ठेवू. मी म्हणालो, लॉन. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो अशा जळगाव जिल्ह्यात राहून जो माणूस लॉन म्हणतो, त्याच्या डोक्यावर घरच्यांनी तेव्हाच ओला पंचा ठेवायला हवा होता.

नर्सरीवाल्यानं ‘बर्म्युडा ग्रास’चे हिरवेगार तुकडे आणून सतरंजीसारखे अंथरले आणि फुटावर पैसे घेतले. संध्याकाळी आबा गावाहून आले. चप्पल काढून वाकले, एक काडी उपटली, तिची पेरं नखानं चाचपली.

“हाई ते हरयी शे!”

हरळीच होती. बर्म्युडा हे तिचं बाहेरगावी लावायचं नाव. आबांची उभी हयात कपाशीतली हरळी खणण्यात गेली, आणि त्यांच्या शिकल्यासवरल्या पोरानं ती रोख पैसे देऊन दारात आणली होती. “ढोर नही, बकरी नही, मंग हाऊ चारा कोन खाई?” एवढंच विचारून ते चहाला आत गेले.

मी पाणी घालू लागलो. पहिले आठ दिवस सकाळी अकराला, कारण नऊपर्यंत डबे, शाळा, आंघोळी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी नळीतून पहिलं मिनिटभर असं यायचं की त्यात चहा टाकला असता तर उतरला असता. गवताला मी रोज अभ्यंगस्नान घालत होतो. मग वेळ बदलून रात्री नऊची केली. तेव्हा रात्रभर ओलं राहून पात्यांवर बुरशीचे गोल डाग पडले.

शेवटी मोबाइलवर अभ्यास केला. पाणी पहाटे द्यावं. रोज शिंपडू नये, नाहीतर मुळं वरच्या वर लोळतात. आठवड्यातून एक-दोनदाच, पण खोल द्यावं. आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर, आणि आपल्या उन्हाळ्यात ते कमीच. किती पडलं ते मोजायला फवाऱ्याखाली रिकामे डबे ठेवावेत.

डबे नव्हते म्हणून हिच्या स्टीलच्या सहा वाट्या घेतल्या. पहाटे पाचला मी लुंगीवर, हातात मुलाची पट्टी, हिरवळीवर सहा वाट्या. फिरायला निघालेले समोरचे काका फाटकाशी थांबले. “वा भाऊ! पाखरांसाठी पाणी? पुण्याचं काम आहे.” मी मान डोलावली. दुसरं काय करणार? वीस मिनिटांनी पट्टी लावली तर एका वाटीत चार मिलिमीटर, दुसरीत सहा, दोन कोरड्या आणि कोपऱ्यातली काठोकाठ. फवारा तिरका होता. तेवढ्यात साळुंक्या आल्या आणि मोजमाप पिऊन गेल्या. सहा वाट्यांपैकी घरात पाचच परतल्या, तो विषय आमच्याकडे अजून बंद झालेला नाही.

पण खरी गंमत काळ्या मातीनं केली. ही माती वाळली की भेगाळते. पहिलं पाणी भेगांतून कुठे पाताळात जातं कळत नाही, आणि एकदा फुगून भेगा मिटल्या की ती तोंड उघडत नाही. 25 मिलिमीटर एका दमात द्यायला गेलो तर लॉन आत कोरडं आणि फाटकाबाहेर ओढा. कॉलनीत नळ दिवसाआड येतो. लोक बादल्या धरून बसलेले, आणि माझ्या दारातून पाणी थेट चौकापर्यंत. मी खराट्यानं ते परत आत ढकलत होतो.

आबा पायरीवर तंबाखू मळत बघत होते. शेतात लाइट रात्रीची असायची, तेव्हा बॅटरी घेऊन पाणी भरण्यात त्यांच्या कितीतरी रात्री गेल्या. ते उठले, नळी बंद केली. अर्ध्या तासानं पुन्हा सोडली, दहा मिनिटांनी पुन्हा बंद. तीन फेऱ्यांत थेंब बाहेर गेला नाही. दुसऱ्या दिवशी कडेची मूठभर माती उचलून दाबली, गोळा झाला. “आते पानी नको. वाफसा इऊ दे.” म्हणजे जादाचं पाणी मुरून माती बेताची ओली होऊ दे. मोबाइलवर हेच मी तीन व्हिडिओंत, जाहिरातींसकट, पाहिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, “आठोडाले किती पानी लागस?” हिशेब सोपा होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. चारशे चौरस फूट म्हणजे 37 चौरस मीटर. गुणिले 25, सव्वानऊशे लिटर. हजाराची टाकी जवळजवळ अख्खी. आबा बोटांची पेरं मोजत राहिले. उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला, म्हणजे एका घडाला, ठिबकवर रोजचं पंधरा लिटर धरलं, तर आठवड्याला शंभरावर.

“नऊ घड,” ते म्हणाले. “नऊ घडनं पानी तू हरयीले पाजी ऱ्हायना.”

तेव्हापासून पहाटेची पाळी त्यांचीच आहे. मी उठेपर्यंत सगळं भिजवून झालेलं असतं, खराटा कोरडा असतो, आणि लॉन, खोटं कशाला बोलू, आमच्या गल्लीत असं हिरवं काही नाही. फक्त परवा पाहिलं तर वाटी काठोकाठ भरली होती त्या कोपऱ्यात, जिथे फवारा अजूनही तिरका आहे, दीड-दीड फुटांचे दोन चौकोनी खड्डे होते. शेजारी शेणखताची पाटी.

“आबा, हे काय?”

“काही नही,” ते म्हणाले. “मिरिग जवळ उना.”