थंडीइतकंच ऊनही!
उंचावरच्या द्राक्षबागांमधल्या रेड वाईनवरच्या लेखात तिच्या गुणांचं सगळं श्रेय थंडीला दिलंय, ते अर्धंच खरं. दर 100 मीटरला तापमान साधारण 0.6 अंशाने उतरतं, रात्री गारठा पडतो, म्हणून द्राक्षातलं आम्ल टिकतं, इथवर ठीक. पण खरी करामत उन्हाची! विरळ हवेतून अतिनील किरण जास्त येतात, त्यापासून बचाव म्हणून साल जाड होते, तिच्यात रंगद्रव्यं नि टॅनिन (वाईनला तुरटपणा देणारी द्रव्यं) वाढतात. अर्जेंटिनातल्या साल्टाची माल्बेक (याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन) ग्लासात तिरकी धरून बघा, पार कडेपर्यंत जांभळी शाई. तिथे 3000 मीटरच्या वरही बागा आहेत. अर्थात साल्टा 25 अक्षांशाच्या आसपास, म्हणजे युरोपपेक्षा विषुववृत्ताच्या बरंच जवळ आहे म्हणून हे जमतं. युरोपात एवढ्या उंचीवर द्राक्षं पिकायचीच नाहीत. लेबलवर नुसती उंची मिरवणाऱ्यांना हे कोण सांगणार?