साहेबांचा मेल आलाय, विचार कसला करता?

शुक्रवारी संध्याकाळी बॅग खांद्याला लावता लावता साहेबांचा मेल येतो : 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. सोबतच्या खात्यात ताबडतोब पैसे भरा. तूर्त कुठे बोलू नका.' तुम्ही अर्थातच भरा. मेलच्या पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालंय, ते भिंग लावून बघणं म्हणजे साहेबांवर संशय. आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरावर फोन लावून 'साहेब, मेल तुमचाच ना?' असं विचारणं हा तर शुद्ध आगाऊपणा. 'सांगितलं तेवढं करा' हे ज्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, त्या शिकवणीचं चीज करायची हीच वेळ. चोरानं काही नवीन आणलेलं नाही, साहेबांचा सूर तेवढा उसना घेतलाय. (हल्ली हुबेहूब आवाजही मिळतो म्हणे, थोडंसं रेकॉर्डिंग पुरतं.)

स्पॅममध्ये पडलेल्या बिचाऱ्या मेलांनाही न्याय द्या. २०११ साली आरएसए या कंपनीतल्या कुणीतरी तिथून एक मेल उचलला, भरतीच्या आराखड्याची एक्सेल फाइल उघडली आणि चोर आत आले. कंपनी विकत काय होती? लॉगिनची सुरक्षा! मग तुम्ही-आम्ही कशाला लाजायचं?

अपडेटचा निरोप आला की 'नंतर' दाबा. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसवरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिला होता. मे महिन्यात हल्ला आला तेव्हा ब्रिटनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. 'नंतर' दाबणारे जगभर होते, आपण एकटे नाही. बॅकअपची डिस्क मात्र कायम संगणकाला जोडलेलीच ठेवा, म्हणजे खंडणीखोरांना दोन्हीकडचं एकदमच कुलूपबंद करता येईल. पासवर्ड सगळीकडे एकच. ओटीपी मागेल त्याला.

आणि फसलात, तर अवाक्षर काढू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकायच्या आत बँकेला कळवलं तर ते कधीकधी अडवता येतात. मग उगाच सगळ्यांची धावपळ. त्यापेक्षा शनिवार-रविवार छताकडे बघत काढा, नोकरी जाईल का याचा हिशेब करा, घरीही सांगू नका.

सोमवारी चौकशी बसेल. पहिला प्रश्न येईल, 'एक फोन करून विचारता आलं नाही?' हा आवाज मात्र साहेबांचाच असेल. खात्री करायची गरज नाही.