राजवाड्याच्या पडद्यानं धान झाकलं

सकाळी आभाळ भरून आलं अन गावातल्या एका पोट्ट्यानं चुरलेल्या धानाचा ढीग झाकायला समाजमंदिरातून नाटकाचा पडदा ओढून आणला. गावच्या नाटक मंडळाचा राजवाड्याचा पडदा. पोट्ट्यावर माझा राग नाही, त्याचं धान ओलं होऊन राहिलं होतं अन हे काय आहे ते त्याला कोणी सांगितलंच नाही. राग त्या मोठ्या माणसांचा आहे, जे तिथं उभे राहून म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, आता कोण करते नाटक."

कोण करते म्हणजे? हा पडदा घराघरातून पायली पायली धान गोळा करून रंगवून आणलेला आहे. ज्याच्या घरी खायला पुरत नव्हतं त्यानंही दिलं होतं.

माझा बा शाळेत गेला नव्हता. मंडळानं त्याला नाटकात वकिलाची नक्कल दिली, म्हणजे वकिलाच्या कामाची वाक्यं लिहिलेली वही, काऊन तर आवाज खणखणीत. आता नक्कल वाचायची कोणी? बा बांधीत धान कापे अन माझी मोठी बहीण धुऱ्यावर बसून वही वाचे, एक वाक्य ती म्हणे, एक बा म्हणे. पूर्ण नक्कल अशीच पाठ झाली. कापणी संपली तेव्हा बाजूच्या बांधीतल्या बायांनाही कोर्टाचा सीन पाठ होता.

पुण्या-मुंबईवाले नाटकाचा इतिहास 1843 पासून सांगतात, सांगलीला विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं तिथून. सांगा बाप्पा, ते खरंच आहे. पण आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, म्हणजे झाडीपट्टीत, दंडार होती, खडीगंमत होती, ही आमची जुनी लोकनाट्यं, तिथूनच आमच्या माणसाला रात्रभर उभं राहून बोलायची, गायची सवय लागली. नाटक आलं ते त्या सवयीवर येऊन बसलं. म्हणून तर आमचं नाटक रात्री दहाला सुरू होते अन सकाळी कोंबडं आरवल्यावर संपते, अन लोकं तनशीवर बोरे टाकून, कानाला मफलर बांधून हलत नाहीत. 2023 ला गुरनोलीचे आमचे नाटकातले कलाकार परशुराम खुणे यांना पद्मश्री भेटली तेव्हा याच लोकांनी स्टेटस ठेवले होते ना, आमची झाडीपट्टी, आमची रंगभूमी म्हणून?

आता सगळे म्हणतात, वडशाहून, म्हणजे गडचिरोलीतल्या त्या नाटक कंपन्यांच्या गावाहून, कंपनी बोलवा, पैसे द्या, नाटक तयार. ठीक आहे, वडशाच्या मंडळ्यांमुळेच दिवाळी ते होळी शेकडो घरच्या चुली पेटतात, ते मी नाकारत नाही. त्यांचे कलाकार आमच्यापेक्षा तयारीचे असतात हेही मान्य. पण गावानं नाटक विकत घेणं वेगळं अन गावानं नाटक करणं वेगळं, हे तुम्हाला कसं समजत नाही! कंपनी सकाळी गाडीत बसून जाते. आमचं मंडळ नाटक करे तेव्हा दोन महिने आधीपासून रात्री जेवणं झाली का कंदील घेऊन तालमीला माणसं जमत, ज्यांचं धुऱ्यावरून भांडण आहे ते दोघं भाऊ भाऊ म्हणून एका सीनमधी उभे राहत, पेटीवाला सूर देई, अन ज्याला काहीच येत नाही तो खड्डा खोदे, गॅसबत्ती धरे, पाव्हण्यांना पानसुपारी देई.

कोर्टाचा पडदा मंडळाकडे नव्हताच. बाच्या नाटकाच्या रात्री याच राजवाड्याच्या पडद्यासमोर कोर्ट भरलं. बाच्या हातात कागद होता, तो कागदाकडे पाहून असा धडाधडा बोलला का परगावच्या पाव्हण्यांना वाटलं शिकलेला माणूस आहे. माय पुढं बसून रडत होती.

बायांची कामं तेव्हा पोट्टेच करायचे अन गावातल्या पोरींना स्टेजवर चढू देत नव्हते. ते चुकीचंच होतं. सगळं जुनं चांगलं असं मी म्हणतच नाही.

मंडळ मोडलं कसं तेही लिहितो, काऊन तर लोकं टीव्ही-मोबाईलवर ढकलून मोकळे होतात. आमचं नाटक शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री व्हायचं. 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद झाले. पट नाही तर पाव्हणे नाहीत, पाव्हणे नाहीत तर तिकीट कोण काढते? डिसेंबर 2021 ला परवानगी आली, पण तोवर पेटीवाले मामा गेले होते, तालमीची सवय मोडली होती. आता पट पुन्हा भरतात, त्या रात्री डीजे लागते.

त्या नाटकानंतर बाला सगळा गाव "वकीलसाहेब" म्हणे. आधी तहसीलमधी दाराशी हात जोडून उभा राहणारा माणूस नंतर आत जाऊन विचारू लागला, "माझा फेरफार कुठपर्यंत आला, साहेब?" मी सोबत होतो. हे कोणत्या कंपनीच्या तिकिटात भेटते सांगा मला.

असो. दुपारी त्या पोट्ट्यानं स्वतःच पडदा झटकून माझ्या घरी आणून दिला, म्हणाला, "काका, मले काम देसान का नाटकात?" तेव्हापासून डोकं जरा शांत आहे.

तर होळीच्या आत आपण नाटक करू. ज्यांच्या घरी जुन्या नकलांच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत देऊ नका, माझ्याकडे आणा. बायांच्या कामासाठी गावातल्याच पोरींना, सुनांना विचारू. सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर समाजमंदिरात बसू. ज्यांची हरकत आहे त्यांनी इथं कॉमेंट टाकण्यापेक्षा तिथंच यावं, तोंडावर बोलू.