समुद्रसपाटीपासून ३१० मीटर

नागपूरचा समुद्राशी संबंध एका आकड्यापुरता: शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. झिरो माइलच्या खांबापासून कुठल्याही दिशेला निघा, खारं पाणी दिसेपर्यंत एक अख्खा दिवस आणि दोन वेळचं जेवण मोडतं. तरी दिवाळीच्या चिवड्यातले शेंगदाणे संपून नुसते पोहे उरले, की आमच्या नऊ जणांना शिडाच्या होड्या घेऊन बेटांकडे जायची उबळ येते. बेत आखायचं काम माझ्याकडे, कारण वही माझी आहे.

पुण्याचे पाहुणे विचारतात, "नागपुरात बसून तुम्ही समुद्राचं काय ठरवणार?" त्यांना मी इन्कॉइसचं नाव सांगतो. लाटांची उंची, वारा, समुद्राची अवस्था यांचा अंदाज देशभरच्या मच्छीमारांना देणारी ही सरकारी संस्था हैदराबादेत आहे. तिथेही समुद्र नाही, हुसेनसागर आहे. त्यांचं भागतं, तर आमच्या फुटाळा तलावाने काय घोडं मारलंय?

अडचण समुद्रापर्यंत पोचायच्या आधीच सुरू होते. बैठकीत मी कुठलाही आकडा विचारला, की समोरून दोन शब्द येतात: "पाहून घेऊ." पाणी किती न्यायचं? पाहून घेऊ. नांगराचा दोर केवढा? "घेऊ नं पाहून, तू कायले टेन्शन घेऊन राहिला?" रस्त्याच्या प्रवासात हे तत्त्वज्ञान उत्तम चालतं, कारण रस्त्याला धाबे असतात.

होड्या तीन. प्रत्येक पावणेपाच मीटरची, फायबरची. एक डोलकाठी, दोन शिडं, मागे सुकाणू आणि मधोमध खाली सोडायची पाटी. ही पाटी पाण्यात नसली तर होडी पुढे जायच्या ऐवजी वाऱ्याबरोबर आडवी घसरते. हे प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगतो, तो समजल्यासारखी मान हलवतो आणि पायाला लागते म्हणून पाटी वर उचलून ठेवतो.

जायचं मालवणच्या दक्षिणेला, निवतीला. तिथून आत समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक आहेत: दीपगृह, कातळ आणि गुहांत घरटी करणाऱ्या पाकोळ्या. होडी लावायला वाळू नाही, लाट तिला कातळावर आपटते, आणि पाकोळ्यांच्या वस्तीत आपण घुसायचं कारण नाही. म्हणून लांबून वळसा घालून परत फिरायचं. हे ऐकलं की दरवर्षी कोणीतरी उसळतो, "म्हंजे हजार किलोमीटर जाऊन खाली उतराचंच नाही? मंग चाललो कायले बे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर अजून वहीत सापडलेलं नाही.

रस्ता वर्धा, यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर आणि मग घाट. डोलकाठी होडीपेक्षा लांब असल्याने ट्रॉलीच्या मागे डोकावते. तिच्या टोकाला लाल फडकं बांधायचं, सळाकीच्या ट्रकला बांधतात तसं. होडी आवळायच्या पट्ट्यांखाली गोधडी हवी, नाहीतर हादऱ्यांनी पट्टा घासून फायबर खरवडून निघतं. गोधडी कोणाच्या घरून आणायची यावर एक संध्याकाळ जाते, कारण गेल्या वेळची परत गेलेली नसते.

ट्रॉलीचं खरं दुखणं बेअरिंग. दिवसभर पळून तापलेलं चाक थेट समुद्रात उतरवलं, की आतली हवा एकदम गार होऊन आकसते आणि खारं पाणी आत ओढून घेते. आत गंज धरतो आणि परतीच्या वाटेवर, शक्यतो उमरखेडच्या अलीकडे रात्री दोनला, चाक किंचाळायला लागतं. उपाय सोपा. किनाऱ्यावर पोचल्यावर तासभर चहा प्यायचा, हात लावून चाक गार झाल्याची खात्री करायची, मगच पाण्यात न्यायचं. निघण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन नवं ग्रीस भरायचं. यातला चहाचा भाग सगळे काटेकोर पाळतात.

तारीख काढणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याइतकंच अवघड. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. ज्या समुद्रात कोळी जात नाही तिथे नागपूरकराने जाऊ नये. पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात वादळांचा हंगाम असतो. २०१७ मध्ये ओखी नोव्हेंबरच्या अखेरीस उठलं आणि डिसेंबरात लक्षद्वीपवरून गुजरातच्या दिशेने गेलं. म्हणून आम्ही डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढीच फट धरतो. त्याच फटीत नऊ घरांतल्या लग्नपत्रिका येऊन पडतात.

शिवाय तिथी पाहावी लागते. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा. पहाटे एकदा, दुपार-संध्याकाळी एकदा. ओहोटी त्यापुढे सहा तासांनी. मिनिटांसाठी छापील कोष्टक बघायचं, पण अदमासाला हे गणित पुरतं. चतुर्थी आम्ही मुळातच टाळतो, कारण चौघं टेकडीच्या गणपतीचा उपास धरतात आणि उपाशी पोटी होडी फार लागते.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या मागेपुढे भांग. भांगाला पाण्याची चढउतार कमी, ओढही कमी. छोट्या होड्यांना तेच बरं. "यंदा भांगाच्या दिवसांत जायचं" असं मी जाहीर केलं, की एक मित्र न बोलावता बैठकीला येतो. त्याला भरती-ओहोटीचा अर्थ कळल्यावर त्याची ओहोटी लागते.

पाणी सहा तास चढतं, पण सारख्या वेगाने नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे ते वाढतात. पहिल्या तासाला वाळूत चटई टाकून "पाणी कुठं चढून राहिलं?" म्हणणारा माणूस तिसऱ्या तासाला चपला शोधत असतो. नांगराचं गणितही यालाच बांधलेलं. दोर भरतीच्या वेळच्या खोलीच्या निदान पाचपट हवा, आणि नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी. साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि नांगर वाळूत रुततो; दोर आखूड असला तर तो वर उपटला जातो. पाच मीटर खोलीला पंचवीस मीटर दोर म्हटलं, की खजिनदार "कपडे वाळत घालाचा दोर आहे नं घरी" म्हणतो.

पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर. नऊ जणांचे दिवसाला ३६ लिटर, आणि एक दिवस अडकलोच तर म्हणून दुप्पट: ७२. म्हणजे ७२ किलो, अख्खा दहावा माणूस, फक्त वाद न घालणारा. सुचवणारे वीस लिटरचे जार सुचवतात, कारण नागपुरात लग्न असो की तेरवी, जार येतोच. पण जार होडीत गडगडतो, वजन एका कुशीला जातं आणि होडी कलते. शिवाय एक फुटला की वीस लिटर गेले. पाच लिटरचे कॅन, प्रत्येक होडीत पाच, तळाशी मधोमध, दोराने बांधलेले. आणि तिन्ही होड्यांत वाटलेले, म्हणजे वाट चुकलेल्या होडीतच सगळ्यांचं पाणी असं होत नाही.

जेवणात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे, गूळ. सावजी मसाल्याचा डबा दरवर्षी कोणीतरी दडवून आणतो आणि मी दरवर्षी तो किनाऱ्यावर जप्त करतो. निघायच्या सकाळी तर्री-पोहे तर नकोच. तर्री ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने तासाभरात परत येते, आणि येताना तिचा स्वभाव आणखी तिखट झालेला असतो. मळमळीची गोळी निदान तासभर आधी घ्यावी लागते. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी माशांना मिळते. नागपूरची संत्री मात्र पेटीभर. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये ब्रिटिश जहाजावर संत्री-लिंबं देऊन स्कर्व्हीचे खलाशी बरे करून दाखवले होते. स्कर्व्ही व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि आमची सफर तीन दिवसांची, पण नौकानयनात विदर्भाला मान मिळत असेल तर तो सोडायचा कशाला?

लाइफ जॅकेटवर ते किती जोराने तरंगवतं याचा न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्याला आधार म्हणून. शुद्ध हरपलेल्याचं तोंड वर राहावं असं वाटत असेल तर १५० चं. जॅकेट घालून झालं की दुसऱ्याने ते खांद्यांना धरून वर उचलायचं. हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात माणूस खाली राहील आणि जॅकेट वर तरंगेल; म्हणूनच पायांमधून जाणारा पट्टा असतो. तो लावायला लाज वाटते अशी तक्रार पोहता न येणारेच करतात.

होडी उलटवायचा सराव गावाबाहेरच्या तलावावर, परवानगी काढून. क्रम ठरलेला आहे. आधी डोकी मोजायची, मोठ्याने. होडी सोडून पोहत काठाकडे निघायचं नाही. उलटी होडी लांबून दिसते, एकटं डोकं दिसत नाही. मग शिडांचे दोर मोकळे करायचे. हे विसरलं तर होडी सरळ होताच शिडात वारा भरतो आणि ती दुसऱ्या अंगावर पडते. मग एकाने पाटीवर उभं राहून मागे रेलायचं, दुसऱ्याने आतल्या बाजूला कठडा धरून आडवं तरंगायचं. होडी उठताना त्याला आपोआप आत घेते. मग बादलीने पाणी उपसायचं, बादली होडीला बांधलेली असेल तर. काठावर भुट्टे खाणारी मंडळी जमतातच. "भाऊ, उलटली तुमची होडी!" ही माहिती ते प्रत्येक वेळी नव्याने पुरवतात.

वेगाचा नियम एकच: तिन्ही होड्या सर्वांत मंद होडीच्या वेगाने जाणार. एक होडी निकामी झाली तर तिच्यातले तिघं उरलेल्या दोन होड्यांत मावले पाहिजेत, म्हणून प्रत्येक होडीत जागा रिकामी ठेवायची. ही रिकामी जागा पाहून कोणाच्या तरी मेहुण्याला यावंसं वाटतं. संपर्काला हातातला व्हीएचएफ वायरलेस, परवाना काढून, चॅनेल १६ वर. होडीतून होडीत तो चार-पाच सागरी मैल पोचतो, कारण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि आपण पाण्यापासून मीटरभरच वर बसलेलो असतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक नऊही जणांकडून पाठ करून घेतो. निघताना सागरी पोलिसांकडे नावं आणि परतीची वेळ द्यायची, आणि परतल्यावर परतलो म्हणून सांगायचंही. दुसरा अर्धा भाग मासे खाण्याच्या घाईत विसरला जातो.

आता तेवढं परतीच्या वेळेचं राहिलं. सगळी वही एका बाजूला आणि हे एक पान एका बाजूला.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केले. निवतीला ते फुकट वापरता येतात. पहाटे जमीन गार असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून: होड्या आपसूक बाहेर. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा: होड्या आपसूक घरी. समजा आठ सागरी मैल जायचंय. अनुकूल वाऱ्यात ताशी चार मैलांनी दोन तास. पण दुपारचा वारा आलाच नाही तर वल्ही मारायची, ताशी दोन मैल, म्हणजे चार तास. सकाळचा वारा फिरलाच नाही तर समोरून. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, ४५ अंशांत नागमोडी जाते, तर आठाचे सव्वाअकरा मैल होतात आणि ताशी तीनने पुन्हा जवळजवळ चारच तास. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. अंधाराआधी एक तास हाताशी ठेवायचा. सहातून एक गेला, चार गेले, उरला एक. दुपारी एक वाजता, बेट हाताच्या अंतरावर असलं तरी, होड्या वळणार. बेट दिसत असताना माणसं वाद घालतात म्हणून हे धरमपेठेतल्या माझ्या हॉलमध्येच ठरवायचं, कागदावर, नऊ सह्यांनिशी.

यंदाही कागद फिरवला. सात सह्या मुकाट झाल्या. आठवी करताना पेन थांबलं.

"एक म्हंजे एकच नं भाऊ? का आपला एक?"

मी कागद परत घेतला, एक खोडलं आणि सव्वाबारा लिहिलं.