विषय : आपल्या पॉलिसीबाबत, तातडीचे

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. मोठं होईल. वेळ नसेल तर सोडून द्या.

दुपारी साताऱ्याहून आईचा फोन. "अगं, तुझे बाबा पोवई नाक्याला गेलेत. या उन्हात. विम्याचा कसला तरी मेल आलाय, शेवटची सूचना म्हणून."

बाबा शहात्तर वर्षांचे. मेल इंग्रजीत होता, विषय मराठीत सांगायचा तर असा : ‘आरई (Re) : तुमची पॉलिसी, शेवटची सूचना’. बाबांनी मेल उघडला आणि खाली झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्याची प्रिंट काढली. मग इस्त्रीचा शर्ट घातला, प्लास्टिकच्या फोल्डरात पासबुक आणि आधारची झेरॉक्स ठेवली आणि रिक्षानं शाखेत गेले. टोकन घेऊन पाऊण तास बसले. काउंटरवरच्या मुलीनं कागद बघितला आणि म्हणाली, "काका, ही जाहिरात आहे हो."

जाहिरात! नवीन पेन्शन प्लॅनची. बाबांच्या पॉलिसीला काहीही झालेलं नव्हतं. शेवटची सूचना म्हणजे काय, तर ऑफर आज रात्री संपणार.

आता मुद्द्याचं. मी अकरा वर्षं हेच काम करते. पुण्यात एका एजन्सीत बसून लोकांनी मेल उघडावा म्हणून सब्जेक्ट लाइनी लिहिते. त्यामुळे ही ओळ लिहिणाऱ्याचा चेहरा मला दिसतोय. सोमवारी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं असणार, "ओपन रेट पडलाय, जरा अर्जन्सी आणा." ओपन रेट म्हणजे पाठवलेल्यांपैकी किती मेल उघडले गेले ते प्रमाण. मग कुणीतरी हुशारी करून पुढे ‘आरई’ लावलं असणार. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, हे आपल्याच पत्राचं उत्तर आहे. ही युक्ती आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. वापरून झाल्यावर कुणी कबूल करत नाही, एवढंच.

बाबा जिल्हा परिषदेत आवक-जावकला होते. आयुष्यभर कागदाच्या डोक्यावरची ती एक ओळ वाचून कागद मार्गी लावला त्या माणसानं. शाळेत मला अर्ज लिहायला त्यांनीच शिकवलं. ‘विषय : दोन दिवसांची रजा मिळणेबाबत.’ मी एकदा नुसतंच ‘विनंती अर्ज’ लिहिलं होतं, तर कागद परत केला. म्हणाले, "विषय वाचून कागद कुठल्या टेबलावर जायचा ते कळलं पाहिजे. आत काय आहे ते शोधायला लावू नये कुणाला."

आमचा सगळा धंदा नेमका उलटा. आत काय आहे ते कळू द्यायचं नाही. अर्धवट वाक्य, तीन टिंबं, ‘तुमचं काहीतरी राहून गेलंय…’. फोनवर विषयाची जेमतेम तीस-चाळीस अक्षरं दिसतात, तेवढ्यात माणसाच्या काळजात धस्स व्हायला हवं.

हो, मीही केलंय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत एका साड्यांच्या क्लायंटसाठी ‘तुमच्या ऑर्डरबद्दल…’ अशी ओळ दिली होती. निम्म्या लोकांनी काही ऑर्डरच केलं नव्हतं. मेल धडाधड उघडले गेले, ऑफिसात पेढे आले. दुसऱ्या दिवशी "आमचे पैसे कापलेत का?" असे फोन क्लायंटकडे सुरू झाले आणि शेकड्यांनी लोकांनी अनसबस्क्राइब केलं. त्याचे पेढे कुणी आणले नाहीत.

आमच्या क्षेत्रात ओबामांच्या २०१२च्या प्रचाराची गोष्ट पोथीसारखी वाचतात. एकेका मेलसाठी बरेचसे विषय लिहून आधी थोड्या लोकांवर चाचणी घ्यायची आणि जिंकेल तो सगळ्यांना पाठवायचा. ‘माझ्यापेक्षा समोरचा जास्त खर्च करणार’ अशा अर्थाच्या विषयाच्या एकाच मेलनं २६ लाख डॉलरच्या वर देणग्या आणल्या. नुसतं ‘Hey’ (म्हणजे ‘अहो’ म्हणून हाक मारावी तसं) लिहिलेला विषयही जोरात चालला. बरं, मान्य, त्या खर्चवाल्या मेलमध्ये आत तेच लिहिलेलं होतं जे वर होतं. हे मात्र पोथी वाचणारे सांगत नाहीत.

आणि नुसतं उघडायला लावणं हीच कला असेल ना, तर ४ मे २००० ला ‘आय लव्ह यू’ असा विषय टाकून जगभर व्हायरस पसरवणाऱ्यालाच पुरस्कार द्या की. त्याच्याइतके मेल आमच्यातल्या कुणी उघडायला लावले नसतील.

गंमत पुढेच आहे. ज्या ओपन रेटसाठी हा सगळा खोटेपणा चालतो, तो आकडाच आता धड राहिलेला नाही. मेलमध्ये एक न दिसणारं चित्र लपवलेलं असतं, ते लोड झालं की ‘उघडला’ म्हणून नोंद होते. २०२१पासून ॲपलनं आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली की ही चित्रं आधीच परस्पर लोड होतात. माणूस झोपलेला असला तरी आमच्या तक्त्यात त्यानं मेल वाचलेला असतो. तो तक्ता आम्ही क्लायंटला रंगीत करून दाखवतो.

कायदे नाहीत असं नाही. अमेरिकेत २००३च्या कायद्यानं जाहिरातीच्या मेलला फसवा विषय द्यायला बंदी आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना आल्या, त्यातल्या १३ प्रकारांत ‘खोटी घाई’ आहे. आहे म्हणजे कागदावर आहे. साताऱ्यात रिक्षाचे पैसे बाबांनीच दिले.

कुणी म्हणेल, धंदा आहे, विकायला नको का? विका ना. माझा एक मित्र देवगडहून हापूस पाठवतो. गेल्या वर्षी त्यानं गिऱ्हाइकांना मेल टाकला, ‘या आठवड्यात पेटी नाही, आंबा तयार नाही.’ मी त्याला सांगितलं होतं की असं पाठवू नकोस, वेडा आहेस का. त्याला उत्तरांवर उत्तरं आली, "तयार झाला की आमच्या दोन पेट्या धर." माझ्या अकरा वर्षांत मला अशी उत्तरं कधी आलेली नाहीत.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काउंटरवरच्या त्या मुलीवर तर नव्हताच, तिनं बाबांना पाणी दिलं म्हणे. पण आईनं मघाशी जे सांगितलं, ते काही केल्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. कपाटातल्या जुन्या फायली काढून बसले. का, तर ‘आरई’ लिहिलंय म्हणजे आपण आधी काहीतरी पत्र लिहिलं असणार आणि त्याची प्रत आपल्याकडे नाही. न लिहिलेलं पत्र शोधत होते. आपलं वय झालं, विसरायला लागलो, असं वाटलं त्यांना.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, "बाबा, तुम्ही काही विसरलेला नाहीत. ते लोक खोटं लिहितात." हे लोक कोण, ते मी सांगितलं नाही.

ते म्हणाले, "मी उत्तर पाठवलंय त्यांना. विषय नीट लिहिलाय, ‘आपल्या आजच्या मेलबाबत खुलासा मिळणेबाबत’. पण परत आलं. नो-रिप्लाय म्हणजे काय गं?"

"म्हणजे त्या पत्त्यावर कुणी वाचत नाही, बाबा."

थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, परत आलेल्याचीही प्रिंट काढून फायलीला लावतो, नोंद असावी. उद्या झेरॉक्सवाल्याकडे जाणार आहेत. म्हटलं, सकाळी जा, ऊन व्हायच्या आत.