खुलासा: अमेरिकेतले '26 लाखांचे गरीब'
"अमेरिकेत चौघांचं कुटुंब वर्षाला 26 लाख रुपये कमावूनही गरीब ठरतं, म्हणजे तिथली गरिबी नावापुरतीच," हा फिरणारा संदेश दिशाभूल करतो. चौघांच्या कुटुंबासाठी 2024 ची दारिद्र्यरेषा वर्षाला 31,200 डॉलर, हे खरं. चूक रूपांतरात आहे: विनिमय दरातून तिथलं घरभाडं, डॉक्टर, पाळणाघर यांचे भाव कळत नाहीत. क्रयशक्तीनुसार, म्हणजे तेवढ्याच वस्तू-सेवांना भारतात किती रुपये लागतात हे पाहून, डॉलरमागे साधारण 20 रुपये धरले, तर हे भारतातल्या सव्वासहा लाखांएवढे होतात.

मुळात ही रेषा 1960 च्या दशकात किमान आहारखर्चाच्या तिप्पट अशी आखली. पुढे फक्त महागाईनुसार वाढवली. म्हणून महागड्या न्यूयॉर्कला आणि मिसिसिपीला एकच आकडा! गरिबीच्या दुसऱ्या, 'पूरक' सरकारी मोजमापात राहत्या घराचा खर्च, सरकारी मदतही धरतात. त्यानुसार बालदारिद्र्य 2021 मध्ये 5.2 टक्के होतं. मुलांसाठीची वाढीव करसवलत संपल्यावर 2022 मध्ये ते 12.4 टक्के झालं.