गिअरचा दिवा लागला की बॅटरी काढा? त्या मेसेजला एकेक करून उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: मीटरवर गिअरचा दिवा लागला तर घाबरू नका, बहुतेक वेळा सेन्सरचीच चूक असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो. रस्त्यात लागला तर आधी इंजिन बंद करा. गाडी चालेना तर न्यूट्रलला टाकून दोरीनं ओढून आणा. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं, बदला म्हणणारा फसवतोय. कमी वाटलं तर कुठलंही एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ओता.

मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर गॅरेज चालवतो. यातलं सगळं करून झाल्यावर गाड्या माझ्याकडे येतात, आणि किरकोळीत निपटलं असतं ते काम तोवर वाढलेलं असतं. लोक असल्या मेसेजवर विश्वास का ठेवतात तेही मला कळतं. दिवा बघून थेट ‘अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल’ म्हणत लाखाच्या पुढचं एस्टिमेट हातात ठेवणारे आहेत. त्या धास्तीनं माणूस फुकटचा उपाय आधी करून बघतो. पण हा उपाय फुकटात पडत नाही.

पहिली गोष्ट, ‘ऑटोमॅटिक’ अशी एकच वस्तू नाही. आपल्याकडे २०१४ साली सेलेरियोबरोबर आलेली एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम पायाहाताऐवजी एक यंत्रणा करते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे जाते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, दोन पुल्यांमधून पोलादी पट्टा फिरतो. डीसीटीत दोन क्लच. चौघांच्या दिव्याची कारणं वेगळी, उपायही वेगळे. मेसेजमध्ये मात्र चौघांना एकच सल्ला आहे, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिथूनच निघाल्या आहेत.

आता बॅटरी. दिवा लागतो तेव्हा गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे टीसीएम, एक कोड साठवून ठेवतो. त्या क्षणी वेग किती होता, इंजिनचे फेरे किती होते, तापमान काय होतं, याचीही नोंद बऱ्याच गाड्यांत राहते. बिघाड शोधणाऱ्याला याहून मोलाचं काही नाही. बॅटरी काढली की कित्येक गाड्यांत ही नोंद पुसली जाते आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो. काही नव्या गाड्यांत कोड कायमच्या मेमरीत असतो. तिथे वायर काढून दिवाही जात नाही. शिवाय क्लच नेमका कुठे पकडतो हे गाडीनं शिकून ठेवलेलं असतं. काही गाड्यांत तेही पुसलं जातं आणि स्कॅनर लावून पुन्हा शिकवेपर्यंत गाडी झटके मारते.

गेल्या पावसाळ्यात धायरीचे एक काका टॉर्क कन्व्हर्टरची गाडी घेऊन आले. चालता चालता दिवा लागायचा आणि गाडी तिसऱ्या गिअरला अडकायची. याला लिंप मोड म्हणतात: पुढचं नुकसान टळावं म्हणून कंट्रोलर गाडी एकाच गिअरवर धरून ठेवतो. काका म्हणाले, “वायर काढून लावली की दोन दिवस एकदम ओके असते.” स्कॅनर लावला तर मेमरी कोरी. त्याच सकाळी त्यांनी वायर काढली होती. मग स्कॅनर लावलेलाच ठेवून गाडी रस्त्यावर काढावी लागली. वडगाव पुलाच्या अलीकडे, गाडी चाळीसच्या वेगानं पळत असताना, पडद्यावर आउटपुट स्पीडचा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा एकदम शून्य झाला आणि दिवा लागला. कोड पी०७२०, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटची तक्रार. खाली जाऊन बघितलं तर सेन्सरच्या कपलरपासून वीतभर अंतरावर वायर उंदरानं कुरतडलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. सेन्सर चांगला होता, गिअरबॉक्सही चांगला होता. तेवढा वायरचा तुकडा बदलला, काम झालं. काकांनी पहिल्याच दिवशी दिवा तसाच ठेवून गाडी आणली असती, तर एवढी शोधाशोध करावी लागली नसती.

‘सेन्सरची चूक असते’ हे वाक्य अशा वेळी जवळपास खरं ठरतं, हे मी मान्य करतो. पण कुठला सेन्सर, की त्याची वायर, की सॉलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), की खरोखर आतला क्लच घसरतोय, हे कोड वाचल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. पी०७३० आला तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरत असू शकतं. त्याला सेन्सर म्हणून सोडून दिलं तर खर्च वाढत जातो. इथे आणखी एक सांगतो. ऑनलाइन मिळणारा, मोबाइलवर कोड दाखवणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल लावून ‘पी०७०० आलाय, गिअरबॉक्स गेला’ म्हणणारेही भेटतात. पी०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदलेली आहे, तिकडे जाऊन बघा. खरा कोड टीसीएममध्ये असतो आणि तिथपर्यंत असले डोंगल बहुधा पोचत नाहीत. म्हणून एस्टिमेट कितीही मोठं असो, आधी टीसीएममधल्या कोडचा प्रिंट किंवा फोटो मागा.

बॅटरीचा संबंध असतो तो वेगळ्या अर्थानं. बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर व्होल्टेज पडतं आणि गिअरचा दिवा खरोखर लागतो, एएमटीत तर हमखास तपासण्यासारखी गोष्ट आहे ही. रात्रभर उभ्या गाडीला मल्टिमीटर लावा: चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. याहून बरंच कमी असेल तर सुरुवात तिथून करा. पण मोजा, काढू नका.

गाडी ‘पी’मधून, म्हणजे पार्किंगच्या खाचेतून, हलतच नसेल तर आणखी सोपी तपासणी आहे. कुणाला तरी मागे उभं करा, ब्रेक दाबा आणि ब्रेकलाइट लागतात का ते विचारा. लागत नसतील तर पेडलजवळचा ब्रेकचा स्विच किंवा त्याचा फ्यूज बघा. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळलंच नाही, तर ती लिव्हर सोडत नाही.

‘आधी इंजिन बंद करा’ हा सल्ला सगळ्यात काळजीपूर्वक वाचायला हवा, कारण ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात काय होतं ते बघा. गाड्यांची रांग, तीव्र चढ, दोन फूट पुढे जायचं आणि थांबायचं. कित्येक जण ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरतात. एएमटी किंवा कोरड्या क्लचच्या डीसीटीत हे सरळसरळ हाफ क्लचवर उभं राहणं आहे. प्लेट घासत राहते, तापते, बझर वाजतो, दिवा लागतो. अशा वेळी ब्रेक दाबून थांबा, पुढे पुरेशी जागा झाली की एकदमच निघा, आणि सपाट जागा मिळाली की बाजूला घेऊन क्लच निवू द्या. एएमटीत ‘पी’ नसेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल तापल्याचा दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या, ‘पी’ टाका आणि इंजिन आयडलवर चालू ठेवा. ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन चालू असेल तर तापलेलं ऑइल कूलरमधून फिरत राहतं. बंद केलं की ते आहे तिथेच थांबतं. काही डीसीटी गाड्यांच्या पडद्यावर तर ‘इंजिन चालू ठेवून थांबा’ अशीच सूचना येते. थोड्या वेळानं दिवा गेला तर हळूहळू निघा. गेला नाही तर मदत मागवा. इंजिन लगेच बंद करायचं ते इंजिनच्या तापमानाचा किंवा ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, धूर आला, किंवा गाडीखाली ऑइल गळताना दिसलं तर. आणि ‘गिअरबॉक्सला आराम’ म्हणून कात्रज किंवा दिवे घाट न्यूट्रलमध्ये कुणीही उतरू नये. इंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात.

दोरीनं ओढण्याचंही तेच. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र फिरत असतात आणि त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सच्या आतले भाग ऑइलशिवाय फिरत राहतात. हिंजवडीहून कोथरूडपर्यंत अशी ओढून आणलेली गाडी मूळ बिघाडापेक्षा मोठा बिघाड घेऊन येऊ शकते. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, डीसीटी असेल तर फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा, निदान ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती उचललेली हवीत. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर फोन करतानाच ‘गाडी ऑटोमॅटिक आहे’ हे सांगा. एएमटीचं पोट मॅन्युअलचं असल्यामुळे तिला थोडी सवलत असते, तरी गाडीबरोबर आलेली पुस्तिका बघूनच.

ऑइलबद्दल. ‘आयुष्यभराचं’ म्हणतात त्याच गाडीच्या पुस्तिकेत बऱ्याचदा कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो. सतत थांबत-थांबत चालणं, घाट, उन्हाळा हे त्यात मोडतं, आणि विद्यापीठ चौकातून रोज ऑफिसला जाणारी गाडी नेमकी तशीच वापरली जाते. ‘कुठलंही एटीएफ’ तर अजिबात नाही. सीव्हीटीत पट्टा आणि पुली यांच्यात पकड ठेवणारं ऑइल लागतं. साध्या एटीएफचं घर्षण वेगळं. ते ओतलं की पट्टा घसरू शकतो. बऱ्याच एएमटीत गिअर ऑइल वेगळं आणि क्लच चालवणाऱ्या यंत्रणेचं ऑइल वेगळं. कित्येक गाड्यांना डिपस्टिकच नसते, पातळी ठरावीक तापमानाला खालच्या बोल्टातून बघावी लागते. काढलेल्या ऑइलला जळका वास असेल, किंवा ते गुलाबीसर दुधासारखं दिसत असेल, तर गाडी चालवू नका. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी किंवा कूलंट गेलंय.

हे पाणी पुराचंही असू शकतं. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. गिअरबॉक्सला हवा जायला एक छोटा ब्रीदर असतो; पाणी त्याच्या वर गेलं की तिथून आत उतरतं. अशी गाडी सुरू करून ‘दिवा लागतोय का’ बघू नका. चावी न लावता फ्लॅटबेडवर चढवा आणि गॅरेजमध्ये इंजिन ऑइलबरोबर गिअरबॉक्सचं ऑइलही तुमच्या डोळ्यांदेखत काढून बघायला सांगा.